खेळपेटीची खाच

डोंगर उतरून आलेली नदी जिथे जरा दम खाते, तिथल्या एका गावात रुक्माजी नावाचा चितारी राहत होता. लाकडाची खेळणी घडवायची, त्यांवर रंगीत लाख चढवायची आणि केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणायची, हा त्याच्या घराण्याचा पिढीजात धंदा. गावातली एक अख्खी आळीच हे काम करी. आळीत बारा घरे होती आणि बारा घरांत मिळून रुक्माजीसारखा हात कोणाचा नव्हता. लोक तसे त्याच्या तोंडावर बोलत. रुक्माजी मान खाली घालून ऐके, पण ऐकायचे सोडत नसे.

हात सोन्याचा असला म्हणून दिवस सोन्याचे येतात असे थोडेच आहे? बंदरावरून पत्र्याची खेळणी येऊ लागली होती. किल्ली दिली की ती तुरुतुरु चालत. त्यांच्यापुढे लाकडी बैलाकडे आणि लाकडी ठकीकडे पोरे ढुंकून पाहीनात. आळीतले दोघे-तिघे चांगले कारागीर गवंड्याच्या हाताखाली विटा वाहू लागले. म्हातारा म्हादबा आळीचा म्होरक्या. तो म्हणाला, आणखी दोन वर्षे असेच चालले तर या आळीत चितारी औषधालाही सापडायचा नाही. म्हादबा थोडे बोले आणि बोललेले खरे होई, म्हणून लोक जास्तच घाबरले.

रुक्माजीने मात्र एक गोष्ट हेरली होती. खेळणे लाकडाचे असो की पत्र्याचे, त्याचे नव्याचे नऊ दिवस. दहाव्या दिवशी ते फडताळाखाली जाऊन पडते. मग असे खेळणे का करू नये, की जे घरात एकच राहील आणि त्याच्यातला खेळ तेवढा बदलत जाईल? हा विचार त्याच्या डोक्यात शिरला आणि पुढचे सहा महिने त्याला अन्न गोड लागले नाही.

सहा महिन्यांनी त्याने खेळपेटी घडवली. हातभर लांब आणि वीतभर उंच, वरून उघडी. दोन्ही बाजूंना लाकडी कळा, म्हणजे दोघांना समोरासमोर बसून खेळता यावे. पुढच्या अंगाला एक लांबट खाच. त्या खाचेतून पातळ लाकडी पाटी आत सरकवायची. पाटीवर वाटा कोरलेल्या, वाटांत भोके, मध्येच खुंट्या. पाटीवर काचेच्या दोन गोट्या सोडायच्या, एकेकाची एकेक. कळा फिरवल्या की पाटी इकडे-तिकडे कले आणि गोट्या धावत. भोके चुकवून ज्याची गोटी आधी मुक्कामाला पोहोचेल तो जिंकला. जिंकला की पेटीतले घुंगरू वाजत आणि कोपऱ्यातला इवलासा मोर पिसारा फुलवी. एक पाटी काढून दुसरी घातली की नवा खेळ. पेटी तीच.

आळी ती पेटी बघायला लोटली. म्हादबाने घुंगरू तीनदा वाजवून घेतले. मग आळीने एक मोठी गोष्ट केली. खेळण्यांना लागते ते शिवणीचे लाकूड, आणि ते सावलीत तीन वर्षे मुरवावे लागते. असे मुरलेले लाकूड म्हणजे चिताऱ्याची खरी पुंजी. अकरा घरांनी आपापल्या माळ्यावरचे सगळे लाकूड खाली काढले आणि रुक्माजीच्या अंगणात आणून रचले. तुझी पेटी चालली तर आळी चालली, एवढेच म्हादबा म्हणाला. आता पेटी नुसती सुंदर असून भागणार नव्हते, ती चालायलाच हवी होती.

चैत्रात देवीची जत्रा भरली. रुक्माजीने चाळीस पेट्या नेल्या होत्या. सोबत तीन खेळ होते, मोराचा, किल्ल्याचा आणि नदीचा. दुपारची सावली लांबायच्या आत चाळीसच्या चाळीस पेट्या गेल्या. ज्यांना मिळाल्या नाहीत ते पुढच्या जत्रेला नक्की घेऊ म्हणून सांगून गेले. आळीत त्या दिवशी पुरणपोळ्या झाल्या, आणि अकरा घरांनी उरलेल्या लाकडातून पुढच्या वर्षासाठी दोनशे पेट्या घडवायला घेतल्या.

त्याच जत्रेत नदीपलीकडचा नागोजी सुतार पेटी बघायला आला होता. हा नांगर आणि गाड्यांची चाके करणारा माणूस. त्याने पेटी उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली, कळा फिरवून पाहिल्या आणि मग सरळ विचारले की आमच्या गावच्या पोरांसाठी अशी एखादी केली तर चालेल का? रुक्माजी हसला. म्हणाला, खुशाल कर, पण नांगराच्या लाकडाला लाख चढत नाही बरं. आळीतली माणसेही हसली. नागोजीही हसला आणि गेला. त्याने बाभळीची पेटी केली. तिला रंग नाही, मोर नाही, घुंगरू नाही. काचेच्या गोट्यांऐवजी रिठ्याच्या बिया. कळ फिरवली की पेटी म्हाताऱ्या माणसासारखी कण्हत असे. चितारआळीत तिची बरेच दिवस टिंगल चालली.

आता आपल्या गोष्टीतला कसोटीचा प्रसंग येतो. कसोटी म्हटली की माणसाला वाटते ढोल-ताशे वाजवत येईल. ती आली अनवाणी, पदराने घाम पुसत.

देवळात गौराक्का नावाची गुरवीण होती. नवरा गेल्यापासून देवळाची झाडलोट आणि पूजेची तयारी तीच पाही. दुपारी देऊळ बंद झाले की पोरांना आवारात गोळा करी आणि खडे, चिंचोके, काटक्या घेऊन रोज नवा खेळ मांडी. गावातली निम्मी पोरे तिच्याच खेळांवर वाढलेली. तिने रुक्माजीची पेटी पाहिल्यापासून तिला स्वस्थता नव्हती. ती रुक्माजीच्या ओसरीवर आली, तेव्हा तिच्या हातात कोळशाने रेघा ओढलेला एक लाकडाचा तुकडा होता.

तिने सांगितले, डोक्यात एक खेळ आलाय, मुंग्यांचा. दोन मुंग्या वारुळाकडे निघाल्यात, वाटेत पाण्याची डबकी आहेत. पाटी मी कोरीन, चुकली तर पुन्हा कोरीन. फक्त खाचेचे माप तेवढे हवे. लांबी किती, जाडी किती, आणि आतली पाटी कुठे टेकते.

रुक्माजीचा चेहरा पडला. त्याने अक्काला गूळ-पाणी दिले, पण माप काही दिले नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही उगाच रुक्माजीला कंजूष म्हणाल. तो कंजूष नव्हता. चितारआळीत प्रत्येक घराची स्वतःची मापकाठी असे. ती देव्हाऱ्यात देवांच्या मागे उभी ठेवत. दसऱ्याला तिची पूजा होई. बापाने मुलाला ती दाखवायची, आणि मुलाने बायकोला सुद्धा दाखवायची नाही. जोडाचे माप घराबाहेर गेले की घर गेले, असे आळीत लहानपणापासून शिकवत. रुक्माजीच्या वडिलांनी मरताना पाण्याच्या आधी मापकाठी मागितली होती. खेळपेटीची खाच त्याच काठीने मापलेली होती.

"अक्का, तुम्ही दुसरं काहीही मागा," रुक्माजी म्हणाला. "माप आमच्या घराबाहेर जात नाही."

"मग खेळ बाहेरून आत कसा यायचा, रुक्माजी?" गौराक्काने विचारले.

रुक्माजी म्हणाला की खेळ मीच करीन, चांगले करीन, वेळ लागेल पण उत्तम करीन. माझ्या पेटीत वेडीवाकडी कोरलेली पाटी गेली तर लोक नावे पेटीला ठेवतील. यातले शेवटचे वाक्य त्याने बोलायला नको होते. गौराक्काने हातातला तुकडा पदराखाली घेतला, गूळ तोंडात टाकला, पाणी प्यायली आणि उठली. ती रागावली नव्हती, तिला वाईट वाटले होते.

रुक्माजीची बायको भागीरथी दारात उभी राहून हे सगळे ऐकत होती. ती नंतर म्हणाली, "अहो, पाटी वाकडी निघाली असती तर पोरांनीच टाकून दिली असती. तुम्ही कशाला दारात आडवे झालात?" रुक्माजी उठला. तो लाख चढवायला बसला. अडचणीचा प्रश्न आला की लाख चढवायला बसायचे, ही त्याची जुनी सवय.

गौराक्का तरीत बसून नदीपलीकडे नागोजीकडे गेली. नागोजीने तिचा तुकडा उलटसुलट पाहिला आणि त्याच बैठकीला माप सांगितले. एवढेच नाही, खाचेच्या मापाचा एक लाकडी चौकटीचा तुकडा करून त्याने तो तरीच्या धक्क्यावरच्या वडाला टांगून दिला. या चौकटीतून जी पाटी सरकेल ती माझ्या पेटीत चालेल, असे त्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितले. त्याला चितारआळीचे रिवाज ठाऊक नव्हते. गाडीचे चाक मोडले तर कोणत्याही गावच्या सुताराला ते बसवता यावे, म्हणून सगळे सुतार आस एकाच मापाचा ठेवतात, एवढे त्याला ठाऊक होते.

मग काय विचारता. गौराक्काच्या मुंग्या निघाल्या. त्यांच्यामागून तरीवरच्या कोळ्याने मासळीचा खेळ कोरला. धनगराने मेंढरांचा केला, त्यात मेंढरे नीट आत जातात आणि शेवटचे कोकरू हमखास पळते. एका सासुरवाशिणीने माहेरच्या वाटेचा खेळ केला, आणि तो खेळताना म्हणे मोठ्या बायकासुद्धा जागच्या हलत नसत. सगळेच खेळ काही चांगले नव्हते. एका हौशी वैद्यबुवांनी काढ्याचा खेळ केला, तो इतका कंटाळवाणा होता की पोरांनी पाटी चुलीत घातली. पण वाईट गेले तरी चांगले उरत होते, आणि आठवड्याला एक तरी नवी पाटी येत होती. नागोजी स्वतः खेळ करीतच नसे. तो पेट्या करी आणि कण्हणाऱ्या कळांना तेल घाली.

नदीच्या अलीकडे रुक्माजी चौथ्या खेळावर बसला होता. त्याला कमळाचा खेळ करायचा होता. गोटी पोहोचली की कमळ उमलावे अशी त्याची कल्पना. कमळाच्या पाकळ्या नीट मिटेनात म्हणून त्याने ते पाच वेळा मोडले. गावातल्या मुलांनी तोवर मोर, किल्ला आणि नदी हे तिन्ही खेळ डोळे मिटून जिंकता येतील इतके पाठ केले होते. मुले रुक्माजीच्या ओसरीवर येऊन विचारत, नवा कधी? तो म्हणे, होतोय. महिन्याने विचारत, तेव्हाही तो म्हणे, होतोय. पुढे मुलांनी विचारायचे सोडले. ती पलीकडे जाणाऱ्या तरीवर दिसू लागली. रुक्माजीला वाटले, बरे झाले, आता कामात खंड पडणार नाही.

कमळ दहा महिन्यांनी उमलले. खोटे कशाला बोला, कमळ अप्रतिम होते.

पुन्हा चैत्र आला, पुन्हा जत्रा भरली. पाच दिवसांची जत्रा. चितारआळीने दोनशे पेट्या मांडल्या, तेव्हा देवळासमोरचा तो कोपरा नुसता झळकत होता. लोक थांबत, वाकून बघत, वा म्हणत. मग विचारत, खेळ किती? रुक्माजी सांगे, चार. लोक पुन्हा एकदा वा म्हणत आणि पुढे जात. संध्याकाळपर्यंत तीन पेट्या गेल्या. त्यांतली एक म्हादबाच्या जावयाने घेतली, म्हणून ती धरायची नाही.

त्याच संध्याकाळी एक बाई मुद्दाम रुक्माजीला भेटायला आली. गेल्या वर्षी तिने पेटी नेली होती. पेटीचे किती कौतुक करू असे तिला झाले होते. रुक्माजीने आशेने विचारले की मुले खेळतात ना?

"पोरांच्या हाताला लागू देते होय मी?" बाई म्हणाली. "इतकी देखणी वस्तू. तिच्यावर पाट घालून देव मांडलेत."

बाई कौतुकच करून गेली. रुक्माजी मात्र पेट्यांमागे जाऊन बसला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. त्याला पहिल्यांदाच जाणवले की आपण केलेली वस्तू लोकांना आवडली होती, पण तिची कोणाला गरज उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो जत्रेच्या दुसऱ्या टोकाला गेला. नागोजीचे दुकान म्हणजे चार बांबूंवर टाकलेले एक गोणपाट. पण माणसे अशी दाटली होती की गोणपाट दिसत नव्हते. लोक घरून आपापल्या पाट्या घेऊन आले होते. तुझी दे, माझी घे, असे चालले होते. धनगर उभा राहून आपल्या कोकराची युक्ती सांगत होता. गौराक्का एका बाजूला मांडी घालून बसली होती आणि दोन मुली तिला नव्या खेळातली चूक दाखवत होत्या. ती चूक कोळशाने खुणावून घेत होती. पेट्या कण्हत होत्या, बिया भोकांत पडत होत्या, आणि माणसे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. रुक्माजीने एक पेटी हातात घेतली. जोड सैल होता, कड तासलेली नव्हती. त्याच्या आळीतल्या नवशिक्यानेही असे काम केले असते तर त्याने ते परत पाठवले असते. आणि तरीही या खडबडीत पेटीवर पोरांच्या बोटांचा मळ बसला होता. रुक्माजीला त्या मळाचा हेवा वाटला, इतका की त्याला पेटी खाली ठेवावीच लागली.

दुपारी रुक्माजीच्या अंगणात आळी जमली. कोणी त्याला बोल लावला नाही, आणि तेच त्याला जास्त लागले. म्हादबा एवढेच म्हणाला की लाकूड संपले, आता नवे मुरायला तीन वर्षे, तोवर कोणी कुठे कामाला जायचे ते ज्याने त्याने ठरवावे. दोन घरे तर बोलूनच बसली होती, एक गवंड्याकडे जाणार होते आणि एक बंदरावर हमालीला.

रुक्माजी घरात गेला. देव्हाऱ्यातून मापकाठी काढून आणली आणि सगळ्यांसमोर ठेवली. म्हणाला, माझे चुकले. उद्या हिच्या मापाची चौकट मी देवळाच्या दारात टांगतो. ज्याला खेळ करायचा त्याने करावा.

एक क्षण सगळ्यांना बरे वाटले. पण भागीरथी तशी सहजासहजी बरे वाटून घेणाऱ्यांतली नव्हती.

"आता आपलं माप घेऊन कोण काय करणार?" ती म्हणाली. "घराघरांत पाट्या आहेत त्या त्यांच्या मापाच्या. माप द्यायची वेळ गेली. आता मागायची आहे."

रुक्माजीला हे कडू औषध गिळायला वेळ लागला. नागोजीच्या पाट्या रुंदीला चार बोटे जास्त होत्या. त्या बसवायच्या म्हणजे खाच कापून मोठी करायची. म्हणजे सात थर चढवलेल्या, केवड्याने महिनामहिना घासलेल्या लाखेवर करवत चालवायची, आणि तीही आपल्या नव्हे, दुसऱ्याच्या मापाने. त्या दिवशी तो जेवला नाही. पण अंगणात बसलेल्या बारा घरांच्या माणसांकडे त्याने एकदा नीट पाहिले, आणि उरलेले कठीण काम सोपे झाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो नागोजीकडे गेला. गेल्या वर्षीचे आपले हसणे त्याला आठवत होते. त्याने शब्दांची जुळवाजुळव केली होती, ती ऐन वेळी विसरला, आणि नुसतेच म्हणाला की मला तुमचे माप हवे आहे.

"माप झाडाला टांगलंय, दादा," नागोजी म्हणाला. "ते मागायचं काय त्यात? घ्यायचं."

नागोजी चांगला माणूस होता यात शंकाच नाही. पण वर्षभर मनात ठेवलेले एक वाक्य त्यानेही बोलून टाकले. तो म्हणाला, तुमचे घुंगरू मला रोज आठवतात, माझ्या मुक्या पेटीत बी पोहोचली तरी पोरांना कळत नाही. रुक्माजी म्हणाला, घुंगरू कसे बसवायचे ते मी दाखवतो. हे बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आले की आपण घरातले दुसरे गुपितही बाहेर दिले, आणि आभाळ काही कोसळले नाही.

परत येऊन त्याने जत्रेच्या मधोमध, सगळ्यांच्या देखत, सर्वांत पहिली घडवलेली पेटी मांडीवर घेतली. करवत लावली. लाखेचे लाल-हिरवे कपचे उडाले. बघणाऱ्यांपैकी एक बाई हळहळली. म्हादबाने तोंड दुसरीकडे फिरवले. पहिल्या दोन ओढी रुक्माजीने जपून मारल्या, मग करवत सरळ चालू लागली. रुंद झालेल्या खाचेची कड कोरी राहिली, पांढऱ्या लाकडाची. तिला लाख लावायला वेळ नव्हता. त्याने ती कानशीने घासली आणि पेटी भागीरथीकडे दिली. मग सगळी आळी करवती आणि पटाशा घेऊन बसली. संध्याकाळपर्यंत पन्नास पेट्या कापून झाल्या.

आणखी एक गोष्ट रुक्माजीने स्वतःहून केली. ज्यांनी पहिल्या वर्षी पेट्या घेतल्या होत्या, त्यांनी खाच कापून घेतली तर त्यांच्याकडच्या जुन्या पाट्या तिच्यात सैल पडल्या असत्या. ज्यांनी आपल्यावर सगळ्यांच्या आधी भरवसा ठेवला त्यांनाच तोंडघशी पाडायचे, हे त्याला पटेना. त्याने दोन्ही कडांना बसवायच्या पातळ पट्ट्या केल्या. त्या घातल्या की जुना मोर आणि जुना किल्ला पहिल्यासारखे चालत. घरोघरी जाऊन त्याने त्या पट्ट्या दिल्या, आणि ज्याला हवी त्याची खाच तिथेच बसून कापून दिली. देव मांडलेल्या त्या बाईकडेही तो गेला. तिने देव हलवायला नकार दिला. तो पट्ट्या ठेवून आला.

पेट्या सगळ्या त्या जत्रेत गेल्या असे नाही. गोष्टीतसुद्धा इतके सरळ होत नाही. जत्रेत सत्तर गेल्या, बाकीच्या जायला दिवाळी उजाडली. बंदरावर गेलेले घर परत आले नाही. गवंड्याकडे गेलेले आले. पण आळी मोडली नाही. लोक आता म्हणू लागले की खेळ कोणाचाही असो, तो रुक्माजीच्या पेटीत खेळायला मजा येते, कारण जिंकल्यावर मोर नाचतो. बाभळीच्या पेट्याही जोरात चालल्या, कारण त्या स्वस्त होत्या आणि पडल्या तरी फुटत नव्हत्या. दोघांनाही पुरेल इतकी पोरे देवाच्या दयेने दोन्ही काठांवर होती.

जत्रेच्या शेवटच्या दिवशी गर्दी पांगली होती. भागीरथीने दुकान आवरता आवरता एक पेटी मागे ठेवून घेतली. कोणीतरी सोडून गेलेली एक पाटी तिच्यात सरकवली आणि नवऱ्याला म्हणाली, बसा जरा समोर. रुक्माजीला आश्चर्य वाटले. दोनशेवर पेट्या आळीत घडल्या होत्या, पण ही बाई एकदाही पेटीला बसली नव्हती. तो बसला. पाटी त्याच्या ओळखीची नव्हती. कोणी कोरली, कुठल्या गावची, काही पत्ता नव्हता. वाटा वेड्यावाकड्या होत्या आणि एका वळणावर तर कोरणाऱ्याचा हात उघडच घसरला होता.

आजवर रुक्माजी आपल्या पेटीवर कधी हरला नव्हता. हरणार कसा? प्रत्येक भोक त्याचे स्वतःचे होते. आज पहिल्यांदा त्याला पुढचे वळण ठाऊक नव्हते. त्याने कळ जपून फिरवली. गोटी डावीकडे गेली, उजवीकडे आली, एका खुंटीला आपटली, आणि तो श्वास रोखून बघत राहिला. तेवढ्यात तो हात घसरलेला भाग आला. सरळ वाटावी अशी वाट तिथे खोल होती. त्याची गोटी फसली, भोकात गेली. पलीकडून भागीरथीची गोटी हलकेच मुक्कामाला पोहोचली. घुंगरू वाजले. मोराने पिसारा फुलवला.

भागीरथी तोंडाला पदर लावून हसू लागली. रुक्माजीने मोराकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले, आणि त्यालाही हसू आवरेना. दोघांच्या लग्नाला तीस वर्षे झाली होती. इतके खळखळून ती दोघे एकत्र कधी हसली होती ते दोघांनाही आठवले नाही.

रुक्माजीने भोकातून गोटी काढली, कळेला हात घातला आणि म्हणाला, "पुन्हा मांड."

तात्पर्य: नुसत्या कारागिरीने वस्तू वाखाणली जाते, पण घराघरांत जगते ती दहा जणांच्या हातांना जागा दिल्यानेच, आणि ती जागा वेळेवर दिली नाही, तर पुढे आपल्याच हाताने कापून करावी लागते.